चष्मेवाल्यांचं ‘बघू’

दुकानावर पाटी होती, पाटीवर मोठ्या अक्षरांत नावही होतं, पण बाजारात त्या नावानं कुणी हाक मारली असती तर स्वतः चष्मेवाल्यांनीही मागं वळून पाहिलं नसतं. सगळे त्यांना बघूशेठ म्हणत. दिवसभर लोकांना ‘इकडे बघा, वर बघा, खालची ओळ बघा’ म्हणणारा माणूस, म्हणून हे नाव पडलं असेल, असं नवख्याला वाटायचं. तसं नव्हतं. नाव पडलं होतं त्यांच्या उत्तरावरून. संध्याकाळपर्यंत चष्मा तयार होईल का? बघू. या फ्रेमला दुसरी दांडी बसेल का? बघू. रविवारी आमच्याकडे जेवायला याल ना? बघू.

माणूस वाईट नव्हता हो. उलट कुणाचं मन मोडणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांच्या वडिलांना ‘नाही’ म्हणायची भारी हौस, आणि ते टेबलावर हात आपटून म्हणायची त्याहून हौस. लहानपणी तो आवाज ऐकून ऐकून यांनी कानाला खडा लावला होता, की आपल्या घरात आपण ‘नाही’ म्हणायचं नाही. ते त्यांनी पाळलं. फक्त त्या नादात ‘हो’ म्हणायचंही राहून गेलं.

बायको टपाल कचेरीत काउंटरवर बसायची. माणूस खिडकीशी आला की त्याला पाकीट हवंय की भांडण, हे तिला लांबूनच कळायचं. तिनं लग्नानंतर लगेच ओळखलं, की ह्यांचं बघू म्हणजे ‘तूच बघ’. मग तिनं बघितलं. गळका नळ, घराचा रंग, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळं तिनंच निस्तरलं. लेकीच्या बाबतीत मात्र ती मधे पडत नसे. “तुझं तू बाबांना विचार,” म्हणायची, “मी काय दुभाषी आहे तुमच्यामधली?”

लेक विचारायची. सायकल घ्यायची? बघू. पोहायच्या क्लासला नाव घालू? बघू. शाळेच्या सहलीला जाऊ? बघू. आणि बघता बघता सहल जाऊन परतही यायची. असं दर वेळी तोंडाला पानं पुसली गेल्यावर पोरीनं एक दिवस मागणंच सोडलं. बघूशेठ मात्र गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, “आमची लेक भारी समंजस. हट्ट म्हणून करत नाही.”

एकदाच तिनं नियम मोडला. शाळेतून एक वर्ष परदेशात जाता येतं, तिथल्या एका कुटुंबात घरच्यासारखं राहायचं, तिथल्याच शाळेत शिकायचं, असं तिला कळलं आणि तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. जेवताना तिनं एका दमात सगळं सांगितलं, कान लाल झाले होते, आणि शेवटी म्हणाली, “बाबा, मी जाऊ?”

बघूशेठच्या तोंडात घास होता. तो त्यांनी नीट चावला, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “बघू.”

लेकीनं आपलं ताट उचललं, घासलं आणि आत गेली. पुढं त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. तिच्या पलंगाशी भिंतीवर तिनं जगाचा नकाशा चिकटवला होता, तेवढा काढला नाही.

बायकोला ते बघवेना. “तिला पाठवायला तुमचा जीव होत नाही, तर तिकडची एखादी मुलगी आपल्याकडे आणू या. वर्षभर राहील, लेकीला सोबत होईल,” ती म्हणाली. हे म्हणाले बघू, तिनं बघितलं, आणि काही महिन्यांनी बघूशेठ दुकान बंद करून घरी आले तर लेकीच्या खोलीत दुसरा पलंग, आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक उंच, किडकिडीत, परकी पोर! त्यांनी आधी घर चुकलं की काय ते पाहिलं. मग उंबऱ्यातच उभे राहिले, पायातली एक चप्पल हातात घेऊन.

“नमस्कार,” पोर उठून म्हणाली. “मी तुमची पाहुणी आहे. एक वर्ष तुम्हाला त्रास देणार आहे.”

हे वाक्य तिला संस्थेच्या बाईंनी शिकवलं होतं. या बाई म्हणजे अशा मुलामुलींची घरं जुळवून देणाऱ्या.

पाहुणीची भाषा पुस्तकातली. सगळं कसं पूर्ण, इस्त्री केल्यासारखं. ‘मला भूक लागलेली आहे.’ ‘आपला टॉवेल ओला झालेला आहे.’ पण कान तिखट होते. घरात कोण काय बोलतं आणि त्यानंतर काय घडतं, हे ती टिपून ठेवायची. पहिल्याच दिवसांत तिनं बघूशेठना विचारलं, “ही खिडकी उघडू शकते का?” खिडकी रंगानं चिकटून बसलेली. बघूशेठ म्हणाले, बघू. पाहुणीसमोर शोभा नको म्हणून बायकोनं दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. पाहुणीला टेबलावर दिवा हवा होता. बघू. दिवा आला. तिला उशी उंच होत होती. बघू. पातळ उशी आली. आता तुम्हीच सांगा, त्या पोरीनं काय समजायचं? तिनं जे समजायचं तेच समजलं. या घरात बघू म्हणजे हो. नुसतं हो नाही, ‘हो, आणि उद्याच’.

त्याच दिवसांत एकदा ती न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही, असं प्रत्येक देशातल्या पोरींना वाटत असावं. बाहेर आली तेव्हा नाक लाल. बघूशेठ पेपर वाचत बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली.

“तुमची लेक तुम्हाला बाबा म्हणते. मी पण म्हणू का?”

बघूशेठ एवढे गडबडले की पेपर उलटा धरला. असल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं? “बघू,” ते म्हणाले.

सकाळी शाळेला निघताना दारातून आवाज आला, “बाबा, येते!” आणि त्यांच्या हातातला चहा बशीत, बशीतला पायजम्यावर. पण खोटं कशाला बोला, आत कुठंतरी फार गोड वाटलं. त्या दिवसापासून ते दोघींचे बाबा झाले.

वर्ष असं सरत आलं. आणि मग ती दुपार उगवली.

बघूशेठ एका शिक्षिकेचा चष्मा जुळवत होते. फ्रेम गरम वाळूच्या पेटीत धरून मऊ केली होती, आणि ती निवायच्या आत काच खाचेत बसवायची होती. हे काम श्वास रोखून करायचं. नेमक्या त्याच वेळी संस्थेच्या बाई हसतमुखानं दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, “अभिनंदन! तुमच्या लेकीचं सगळं पक्कं झालं. पाहुणीच्याच घरी राहणार ती, पाहुणीच्याच खोलीत. दोघी एकाच विमानानं जातील. तुमची एवढी सही राहिली बघा.”

काच निसटली, फरशीवर पडली आणि कोपऱ्यातून फुटली. बघूशेठच्या हातात नुसती फ्रेम राहिली, ती हळूहळू निवून वाकडीच्या वाकडी घट्ट झाली.

“कुणाच्या लेकीचं?” त्यांनी विचारलं.

“अहो, तुमच्या! मुलाखत किती छान दिली तिनं. मी तर म्हटलं, वडील एवढे पाठीशी असल्यावर काय.”

“कोण पाठीशी आहे?”

बाई हसल्या. त्यांना वाटलं, बघूशेठ गंमत करताहेत. “तुम्हीच नाही का हो म्हणालात? पाहुणीनं स्वतः विचारलं ना तुम्हाला.”

बघूशेठच्या तोंडचं पाणी पळालं. कधी विचारलं? आणि मग आठवलं. मागं एकदा पाहुणी दुकानात स्टुलावर पाय हलवत बसली होती. बघूशेठ एका दांडीचा स्क्रू बसवत होते, दुसरा स्क्रू ओठांत धरलेला. ती म्हणाली होती, “बाबा, माझी आई म्हणते, आता तुमच्या लेकीने आमच्याकडे वर्षभर यावे. पाठवाल ना?” आणि ओठांतला स्क्रू पडू न देता ते म्हणाले होते, “बघू.”

तेवढंच. तेवढ्यावर पोरीनं संस्थेत सांगितलं होतं, आपल्या आईला कळवलं होतं, आणि घरी येऊन दोघींना सांगितलं होतं, की बाबा हो म्हणाले.

“घरी... घरी माहीत आहे?” ते त त प प करत म्हणाले.

“म्हणजे काय! वहिनींची सही केव्हाच झाली.”

बघूशेठ स्टुलावर बसले. बायकोला ठाऊक होतं आणि ती एका शब्दानं बोलली नव्हती. का बोलली नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि ते कळणं फार झोंबलं. हा माणूस एकदाचा हो म्हणालाय, आता पुन्हा विचारायला गेलं तर बघू म्हणेल, या धाकानं घरातलं प्रत्येक जण मूग गिळून बसलं होतं.

आणि मग त्याहून मोठा धक्का बसला. गेले काही आठवडे लेक कशी वागत होती! आपणहून डबा घेऊन दुकानात यायची. काचा पुसून द्यायची. त्यांच्या त्याच त्या शिळ्या विनोदांना खळखळून हसायची. एकदा तर मागून येऊन गळ्यात हात टाकून म्हणाली होती, “बाबा, तुम्ही ना, बोलत नाही पण...” आणि पुढचं न बोलताच पळाली होती. बघूशेठना वाटलं होतं, पोर मोठी झाली, तिला आता बापाची किंमत कळली. म्हणजे ते सगळं प्रेम त्या ‘हो’साठी होतं. आणि तो ‘हो’ तर त्यांनी कधी म्हटलाच नव्हता! दुसऱ्याच कुणाच्या नावावर आलेलं कौतुक आपण इतके दिवस मजेत खात होतो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात दोघी शाळेतून थेट दुकानातच आल्या. बाईंना पाहून लेकीचा चेहरा उजळला.

“या, या, तुमचंच चाललंय,” बाई म्हणाल्या. “हं, मग करताय ना सही?”

बघूशेठनी तोंड उघडलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण जिभेला सवय होती.

“बघू,” ते म्हणाले.

पाहुणीनं आनंदानं टाळ्या पिटल्या. लेकीचा चेहरा पडला.

एकच शब्द, आणि समोर दोन चेहरे शेजारी शेजारी. हा माणूस जन्मभर लोकांच्या डोळ्यांत डोकावत आला होता, दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजत आला होता. आपल्या बघूनं पोरीच्या डोळ्यांत काय होतं, ते त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. राग नव्हता, रडू नव्हतं. डोळे नुसते विझले, जणू ती मनाशी म्हणत होती, तरीच. हा चेहरा सायकलच्या वेळीही असाच झाला असणार. सहलीच्या वेळीही. तेव्हा आपण कुठं पाहत होतो?

“टाळ्या कसल्या वाजवतेस!” लेक पाहुणीवर ओरडली. “बघू म्हणजे नाही! वर्षभर राहिलीस आणि एवढं कळलं नाही तुला?”

“नाही?” पाहुणीचे हात हवेतच राहिले. “पण खिडकी... दिवा...”

“ते आईनं केलं! बाबांचं बघू म्हणजे नाही. नेहमीच. कुणालाही विचार बाजारात.”

संस्थेच्या बाई कधी फुटलेल्या काचेकडे बघत होत्या, कधी घड्याळाकडे. पाहुणी मात्र स्तब्ध उभी होती. आतल्या आत वर्षभराची सगळी बघू ती पुन्हा एकेक करून उलगडत असावी, कारण तिचा रंग उतरत चालला होता. शेवटी ती बघूशेठकडे वळली.

“मी तुम्हाला बाबा म्हणू का विचारले होते,” ती हळू म्हणाली. “तेव्हा पण तुम्ही बघू म्हणाला होतात.”

बोलायला हवं होतं. तिथंच, तेव्हाच. पण बघूशेठ खाली वाकून फुटलेली काच गोळा करायला लागले, आणि तोवर दोघी पायऱ्या उतरून निघूनही गेल्या. बाई म्हणाल्या, “मी उद्या येते. उद्या मात्र मला कळायला हवं.”

घरी जेवायला चौघं बसली. लेकीनं आईला सगळं सांगितलं असावं, कारण बायको भांडी जरा जोरातच ठेवत होती. लेक रुसली नव्हती, तेच भयंकर होतं. ती पूर्वीसारखी समंजस झाली होती. विचारलं तेवढं बोलत होती. पाहुणीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि सौजन्यानं म्हणाली,

“काका, पाणी देऊ?”

काका! बघूशेठना कुणी मुस्कटात मारली असती तर एवढं लागलं नसतं. घास हातातच राहिला. बायकोनंही चमकून वर पाहिलं.

“मी इथे भाषा शिकायला आलेली आहे,” पाहुणी तांब्या तसाच धरून म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण वाक्यं नेहमीसारखी सरळ होती. “मी चुकीची शिकले, आणि माझ्यामुळे तुमच्या लेकीला वाईट वाटले. म्हणून मला आता एकच शब्द सांगा. हो किंवा नाही. नाही असेल तर नाही सांगा. मी रडणार नाही.”

“सांगा की हो,” बायको म्हणाली. “एकदाच काय ते सांगून टाका. या वेळी मी बघणार नाही.”

बघूशेठनी ‘नाही’ म्हणून पाहिलं. मनातल्या मनात. वडिलांचा हात टेबलावर आपटल्याचा आवाज ऐकू आला आणि शब्द मागं फिरला. मग त्यांनी ‘हो’ म्हणून पाहिलं. तर समोर रिकामा पलंग दिसला. एक नाही, दोन. बसल्या जागी त्यांच्या लक्षात आलं, की आपण आजवर लोकांना सांभाळत नव्हतो, स्वतःला सांभाळत होतो.

“मला भीती वाटते,” ते म्हणाले.

तिघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. लेकीचा तर आ वासला. बाबांना भीती वाटू शकते, हे तिच्या गावीही नव्हतं.

“भीती वाटते,” ते पुन्हा म्हणाले, आणि एकदा बांध फुटल्यावर थांबेनात. “तू सायकलवरून पडशील, पाण्यात बुडशील, सहलीला हरवशील. आणि तिकडे गेलीस की तिकडचीच होशील. हो म्हटलं आणि काही झालं तर ते माझ्या ‘हो’मुळं झालं. म्हणून मी म्हणतच नाही. इतकं साधं आहे ते.” त्यांनी पाण्याचा घोट घ्यायला हात पुढं केला आणि पेला सापडला नाही, इतके डोळे भरले होते.

“मग?” लेकीनं विचारलं. अगदी हळू.

“हो,” बघूशेठ म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून इतका चमत्कारिक आला, घोगरा, अर्धवट, की बायकोनं विचारलं, “काय म्हणालात?”

“हो म्हणालो! जा म्हणालो! सही करतो उद्या. आणि तू गं,” ते पाहुणीकडे वळले, “मला काका म्हणू नकोस. पुन्हा म्हणालीस तर बघ!”

“बघ म्हणजे काय?” पाहुणीनं घाबरून विचारलं, आणि लेक हसायला लागली ती जेवण निवेपर्यंत हसत राहिली.

सही झाली. बॅगा भरल्या गेल्या. नकाशा भिंतीवरून निघाला आणि लेकीच्या बॅगेत गेला. त्या जागी भिंतीचा जुना रंग चौकोनी उठून दिसायला लागला. बघूशेठ दुकानात तसेच होते, गिऱ्हाइकांना बघूच म्हणत होते. माणूस एका रात्रीत थोडाच पालटतो! पण घरी कुणी काही विचारलं की मधेच थांबायचे आणि त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची.

विमानतळावर काचेच्या दारापलीकडे फक्त जाणाऱ्यांना सोडत होते. पाहुणी बायकोच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली, या वेळी नळबिळ काही नव्हता. मग बघूशेठसमोर उभी राहून म्हणाली, “बाबा, येते.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चष्मा पार धुकटला होता, म्हणून तो काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. पुसताना त्यांना तो प्रश्न आठवला. गेले कितीतरी दिवस ते तो मनात घोळवत होते आणि विचारायला धजत नव्हते. दोघी दाराशी पोचल्या होत्या.

“अगं,” त्यांनी लेकीला हाक मारली, “दर रविवारी फोन करशील ना?”

लेक वळली.

“बघू,” ती म्हणाली.

बघूशेठ जागच्या जागी थिजले. उभ्या आयुष्यात हा शब्द त्यांना कुणी ऐकवला नव्हता. तो इतका जड असतो, छातीवर असा येऊन बसतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. बायकोनं त्यांचा दंड धरला.

“बाबा!” पलीकडून पाहुणी दोन्ही हात उंच करून ओरडली, “ती हो म्हणाली!”

दार बंद झालं. बघूशेठ हातात चष्मा घेऊन मान पुढं काढून काचेतून पाहत राहिले. लेक मागं वळून त्यांच्याकडेच बघत होती, हातही हलवत होती, पण ती हसत होती की नाही, ते त्यांना चष्म्याशिवाय दिसलं नाही.